ओल्या दारावरचा अंगठा

त्या माणसाने आधी अंगठा टेकवला आणि मग विचारलं, "ओलं आहे का हो, मावशी?"

वा रे शहाणा! समोर रंगाचा डबा उघडा, डब्यावर आडवा ठेवलेला ब्रश, खाली पसरलेली रद्दी, खिडक्या सताड उघड्या, घरभर टर्पेंटाइनचा वास, आणि हा विचारतोय ओलं आहे का. अंगठा उचलला तेव्हा चट् असा बारीक आवाज झाला. कपाटाच्या डाव्या दारावर, बरोबर छातीच्या उंचीवर, एक लांबट खड्डा उमटला आणि त्यात त्याच्या अंगठ्याच्या रेघासुद्धा उठल्या. तासाभरापूर्वीच ताईने त्या दाराला दुसरा हात दिला होता. वरून खालपर्यंत, एका दमात, कुठे जोड दिसणार नाही असा. ती काही बोलायच्या आत त्याने अंगठा रद्दीला पुसला आणि मोबाइल आडवा धरून खोलीकडे बघायला लागला. दारात त्याने 'साहेबांनी पाठवलंय, फोटो काढायला' असं म्हणून तिच्या धाकट्या भावाचा नंबर दाखवला होता, म्हणून तर तिने त्याला आत घेतलं होतं. तिला वाटलं, धाकट्याला हौस आली असेल, बहिणीचं काम बायकोला दाखवायची. "पाच वाजता पार्टी येतेय," तो म्हणाला. "तोवर वाळेल ना हे?" ताईने विचारलं, कसली पार्टी. "घर बघायला. नवराबायको आहेत. घाईत आहेत जरा, सामानासकट पाहिजे त्यांना. कपाट, खुर्च्या, ओट्याखालची दारं, सगळं आहे तसं. म्हणून तर साहेब एवढं रंगवून घेतायत ना तुमच्याकडून. नवीन घ्यायला कोण जातंय, एवढ्याशा रंगात घर कसं उजळून निघालंय बघा." मग त्याने एक डोळा बारीक केला. "मावशी, जरा बाजूला व्हा. फोटोत येताय."

आणि ताई बाजूला झाली.

तो गेल्यावर दार लावून ती तिथेच उभी राहिली आणि तिच्या तळपायाची आग जी मस्तकात गेली ती या एका गोष्टीने. बाजूला झाली! त्रेपन्न वर्षांची बाई, त्यातली अठ्ठेचाळीस याच दोन खोल्यांत काढलेली, आणि एक कुठला कोण मोबाइलवाला म्हणतो बाजूला व्हा, तर ही भिंतीला पाठ लावून उभी. वर पदर सावरून. वर त्याला पाणी विचारलं. विचारलंच ना? 'पाणी देऊ का' असं तिने खरंच विचारलं होतं आणि तो 'नको मावशी, तुम्ही काम आटपा' म्हणाला होता. तिला आपल्याच तोंडात एक ठेवून द्यावीशी वाटली. त्याने आपल्याला रंगारी समजलं याचं तिला काही नव्हतं. रंगारी ती होतीच. सत्तावीस वर्षं इस्पितळाच्या सामानाच्या कारखान्यात लोखंडी पलंग, रुग्णांच्या उशाशी ठेवायची कपाटं, सलाइनच्या दांड्या, चाकाच्या खुर्च्या घासत आणि रंगवत आली होती. आणि त्यात लाजण्यासारखं काही आहे असं तिला एका दिवसासाठीही वाटलं नव्हतं. पण घर विकायला काढलंय आणि ते आपल्याच हाताने नटवून घेतलंय, तेही आपल्याला पत्ता लागू न देता, हे कळायला एका परक्या माणसाने आपल्याला मजूर समजायला लागावं? त्याने मालकीण समजून तोंड आवरलं असतं तर आपण आज चार वाजता नीट केस विंचरून धाकट्याकडे जेवायला गेलो असतो. हो, तेही होतंच. 'ताई, या रविवारी चार वाजता इकडे ये, हिने बोलावलंय, रात्रीचं जेवूनच जा.' काय पण प्रेम उतू चाललं होतं! तिला घराबाहेर काढायचं, आणि मागे हा किल्ली घेऊन पार्टीबरोबर येणार. आणि मंगळवारी एका सहीसाठी अर्ध्या दिवसाची रजा टाक म्हणालाय. 'आईच्या कागदांचं आहे गं, दोघांच्या सह्या लागतात.' तिने रजेचा अर्जसुद्धा दिला होता. आई गेल्यावर घर दोघांच्या नावावर झालं होतं, तेव्हा धाकट्यानेच सगळी धावपळ केली होती आणि तिने मनातल्या मनात त्याचे आभार मानले होते. सगळं बरोबर जुळत गेलं, एकात एक बसत गेलं. मंगळवारी सही केली की संपलं. मग ती कुठे राहणार होती हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

दारावरचा अंगठा तिच्याकडे बघत होता. ती स्टुलावर बसली, उठली, पुन्हा बसली. असा डाग नुसत्या ब्रशने भरत नाही; भरला तर सुकल्यावर तिथे टेंगूळ दिसतं. सगळी फळी पुसून काढावी लागते. कारखान्यात कोणाचा हात लागला तर मिस्त्री काही बोलत नसे, फक्त टर्पेंटाइनची बाटली आणि फडकं त्या माणसासमोर आणून ठेवी. ताईने फडकं भिजवलं. कशासाठी? पाच वाजता येणाऱ्या पार्टीला दार गुळगुळीत दिसावं म्हणून? तिने फडकं आदळलं. आणि दोन मिनिटांनी पुन्हा उचललं, कारण तो अंगठा तसाच ठेवून बसणं तिच्या हातांना जमेना. डोकं पेटलेलं आणि हात आपले कामावर. याच हातांनी घात केला होता. धाकट्याचा फोन आला त्याला आज बरोबर बावीस दिवस झाले. 'ताई, आई जाऊन दहा महिने झाले, घर कसं भकास दिसतं. तुला एकटीला खायला उठत असेल. नवीन काही घ्यायचं नाही, उगाच खर्च कशाला, आहे त्यालाच रंग काढू. तुझ्या हाताला तोड नाही. मी डबा आणून देतो.' आपल्याला एकटीला खायला उठत असेल, असं त्याला वाटलं, एवढ्यावरच ही विरघळली. दहा महिन्यांत तसं कोणी विचारलंच नव्हतं. त्याने आणला तो डबा पाण्यात कालवायचा रंग होता, स्वस्तातला, भिंतीचा. जुन्या तेलाच्या रंगावर तो मारला असता तर महिन्याभरात दुधावरच्या सायीसारखा निघून आला असता. ताईने तो डबा माळ्यावर टाकला आणि स्वतः पदरमोड करून चांगला ऑइल पेंट आणला, अस्तराचा डबा आणला, भेगा बुजवायची लांबी आणली, तीन वेगवेगळ्या नंबरांचे पॉलिश पेपर आणले. जुना रंग खरवडला. भेगांत लांबी भरली. घासलं, पुसलं, अस्तर दिलं, पुन्हा घासलं. खुर्च्यांचे पाय, खिडक्यांचे गज, आरशाची चौकट, ओट्याखालची सहा दारं, ट्यूबलाइटची पट्टी, सगळं रंगवलं. मुठी आणि कड्यासुद्धा काढून, केरोसीनमध्ये बुडवून, काळ्या करून परत बसवल्या. तीन रविवार. आणि संध्याकाळी पाठीला तेल चोळताना, कंबर मोडलेली असताना, खूश होती ती! गुणगुणत होती! धाकट्याचा डबा वापरला असता तर निदान सगळं महिन्याभरात सोलून तरी निघालं असतं, पार्टीच्या नाकासमोर. पण नाही. वाईट काम करायचं म्हटलं तर तिला साधलंच नसतं, आणि हे त्या धाकट्याला चांगलं ठाऊक होतं.

आणि विचारलं का नाही? हा प्रश्न फडक्याबरोबर खाली-वर फिरत राहिला. बावीस दिवसांत एकदाही 'एकदम रंगाचं कसं काय सुचलं रे तुला' असं तोंडातून निघू नये? तो, जो आई अंथरुणावर असताना घरात आला की घड्याळ बघत बसायचा, ज्याने भिंतीत खिळा ठोकला नाही, त्याला ओट्याखालच्या दारांचा कळवळा कुठून आला? कोणाही बाईला शंका आली असती. पण ताईला कारखान्याने तयार केलं होतं. नवीन होती तेव्हा एकदा एका पलंगाच्या दांडीवर कोणीतरी नखाने की पिनेने एक नाव कोरलेलं तिला दिसलं, आणि त्याच्याखाली उभ्या रेघा, दिवस मोजल्यासारख्या, एकोणीस. विसाव्या दिवशी काय झालं असेल, या विचाराने तिचा हात पुढे जाईना. तिने मिस्त्रीला विचारलं, हा पलंग कुठून आला हो? मिस्त्री म्हणाला, "बाई, आला माल, घासला माल, गेला माल. कुठून आला आणि कुठे चालला हे विचारायचं नाही. विचारलं की हात अडतो." आणि त्याने स्वतः ती दांडी दोन मिनिटांत घासून साफ केली. तेव्हापासून तिने विचारलं नव्हतं. कारखान्यातली ही शिस्तच होती. जो चौकश्या करी तो टिकत नसे. समोर येईल ते घासायचं, रंगवायचं, सुकलं की त्याला 'तयार' अशी चिठ्ठी लटकवायची आणि दुसरं ओढायचं. सत्तावीस वर्षं. मग घरातलं कपाट समोर आलं तेव्हा तिने तेच केलं. आपल्याच घराला माल समजून रंगवलं, कुठे चाललंय हे न विचारता. धाकट्यावर आग पाखडता पाखडता ती इथे येऊन अडकली आणि तिला आणखीनच संताप आला, कारण या संतापाला आता धाकटा एकटा पुरेना.

डावं दार पुसून झालं. खाली पहिल्या हाताचा रंग फिका, मंद दिसत होता. वारा लागला की तासाभरात घासण्याजोगं होईल. ताईने खालच्या कोपऱ्याशी बोट फिरवलं आणि तिथे तिला ते लागलं, किंचित बुळबुळीत, मेणासारखं. अजून? तीन वेळा टर्पेंटाइनने धुतलं होतं, तरी बिजागरीच्या फटीत राहिलंच होतं. बुटाचं पॉलिश. हा आईचा उद्योग. हे कपाट आईचं. तिच्या लग्नातलं नव्हे की कोणाची आठवण नव्हे, एका मोडीत निघालेल्या कचेरीतून आणलेलं साधं कपाट, पण दोन खोल्यांच्या घरात 'माझं' म्हणावं असं आईकडे तेवढंच होतं. त्याचा तपकिरी रंग पापुद्रे धरून सुटत होता. आई सकाळी खालच्या फळीवरचे पापुद्रे हाताने गोळा करायची आणि म्हणायची, अगं, एखाद्या रविवारी याला जरा रंग लाव ना. कुठलाही लाव, उरलासुरला. आणि ताई म्हणायची, आई, सहा दिवस तेच करते, रविवारी तरी ब्रश हातात देऊ नकोस. पहिल्यांदा हसून म्हणाली होती. मग नुसतं म्हणाली. मग चिडून. अकरा वर्षं चाललं हे. ताई कारखान्यातून आली की हातांना थिनरचा वास, डोकं जड, नखांत पांढरं. कोणाला हौस असते? दमायची ती, खोटं नाही. पण अकरा वर्षांत बावन्नच्या बावन्न रविवार माणूस दमलेला असतो का? चार वर्षांपूर्वी एकदा ती कामावरून आली तर घरात भलताच वास, आणि आई कपाटासमोर जमिनीवर बसलेली, हातात धाकट्याची जुनी बुटाच्या पॉलिशची डबी आणि फडकं. अर्धं दार चोळून झालेलं. चमकत होतं खरं. आई कशी खूश होऊन म्हणाली, "बघ, फुकटात काम झालं." आणि ताई कडाडली. "तुला कोणी सांगितलं होतं हे धंदे करायला? मेण बसलं आता त्याच्यावर, जन्मात रंग धरायचा नाही! कळत नाही तर हात कशाला लावावा?" आईने डबीला झाकण लावलं. झाकण बसेना, तिची बोटं वाकडी झालेली. ताईने ते तिच्या हातातून हिसकावून घेऊन लावलं. पुढे दोन महिने आईच्या पांढऱ्या पातळांना तपकिरी डाग पडत राहिले आणि आई ते गुपचूप घासत राहिली. त्यानंतर कपाटाचं नाव तिने काढलं नाही.

ताई पॉलिश पेपर बोटाला गुंडाळून बिजागरीची फट घासत होती आणि घासता घासता तिच्या तोंडून शिव्या निघत होत्या, मोठ्याने, कारखान्यात पुरुष देतात तसल्या, आणि त्या कोणाला होत्या हे तिला सांगता आलं नसतं. आईने अकरा वर्षं मागितलं ते धाकट्याने एका फोनवर मिळवलं. का? कारण तो क्वचित फोन करायचा. कारण आई रोजची होती. इस्पितळात शेवटच्या आठवड्यात आईचा पलंग बघून ताईची पहिली नजर त्याच्या पायाकडे गेली होती, आपल्या हातचा आहे का म्हणून. नव्हता. दुसऱ्याच कुठल्या कारखान्याचा, रंगाचे ओघळ तसेच सुकलेले. आईने तिची नजर पकडली. बोलायला त्रास होत होता तरी म्हणाली, "तुझं नाही ना हे? तुझं असतं तर ओघळ नसता." बाहेर ताठ मानेने सगळ्यांना सांगायची म्हणे, माझ्या लेकीने रंगवलेल्या पलंगांवर निम्मं गाव बरं होतं. आणि घरात पापुद्रे गोळा करायची. ताईला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. आला तो सगळा रागच. पेपर फाटला आणि बिजागरीचा पत्रा बोटात घुसला. तिने बोट तोंडात घातलं. रक्ताला टर्पेंटाइनची चव लागली.

चार वाजून गेल्यावर फोन आला. भावजयीचा. "वन्सं, निघालात का? मी वाट बघतेय."

"नाही निघाले."

"अहो, का? बरं नाही का?"

"रंग ओला आहे."

मग आवाज मधात घोळवून, "असू दे हो, आपोआप वाळेल. तुम्ही कशाला राखण करत बसताय? रिक्षा करून या ना. मुलंसुद्धा आत्या कधी येते म्हणून विचारतायत." मुलं! थोरला सतरा वर्षांचा, धाकटी चौदा, आत्या समोर बसलेली असली तरी मोबाइलमधून मान वर न करणारी. ताईला वाटलं, हिलाही माहीत आहे. अर्थात माहीत आहे. कदाचित कल्पनाच हिची. त्यांच्या घरातल्या बंद केलेल्या गॅलरीत लावायचा पडदासुद्धा घेऊन झाला असेल. गेल्या वेळी भावजय तिथे उभं राहून सहज म्हणाली होती, इथे एक कॉट सहज मावेल, नाही का हो वन्सं? आणि ताईने, हात अडायचा नाही ही शिस्त असलेल्या ताईने, हाताने माप घेऊन सांगितलं होतं, हो, सहा फुटी मावेल. कोणासाठी, हे विचारलं नव्हतं. "तुम्ही जेवून घ्या," ती फोनवर म्हणाली. "माझी वाट बघू नका." तिने फोन ठेवला. रागात भीतीसुद्धा होती, का खोटं बोला. उद्या पडलो-झडलो तर याच लोकांच्या दाराशी जायचं आहे हे तिला कळत होतं. एक सही, आणि सगळे गोड राहतील. सही नाही, तर या दोन खोल्या राहतील आणि माणसं जातील. इतकं सरळ होतं ते, आणि इतकं सरळ असल्याचाच तिला राग येत होता. तिने ब्रश झटकला, रंगात बुडवला, आणि त्या दाराला दुसरा हात पुन्हा द्यायला घेतला.

पाचला दहा कमी असताना किल्ली फिरली. धाकटा पुढे, इस्त्रीच्या शर्टात. मागे मोबाइलवाला, आणि त्याच्या मागे ते जोडपं, तिशीतलं, बाईच्या हातात पाण्याची बाटली. ताई कपाटासमोर उकिडवी बसली होती, पातळ वर खोचलेलं, डोक्याला फडकं, हातात ब्रश. धाकट्याने तिला पाहिलं आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. आता बोलेल, तिला वाटलं. आता म्हणेल, ही माझी ताई. तेवढं म्हणाला असता तर पुढचं सगळं कसं झालं असतं देव जाणे. कदाचित ती उठून हात धुऊन चहा ठेवायला गेली असती. पण मोबाइलवाल्याची जीभ आधी सुटली. "या आपल्या रंगकामाच्या मावशी. काम बघा त्यांचं, नव्यासारखं." बाईने खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवला, आरशाच्या चौकटीवरून फिरवला, खाली वाकून ओट्याखालची दारं उघडून मिटून बघितली. तिला खरंच आवडलं होतं. ते ताईला कळत होतं आणि त्या परिस्थितीतसुद्धा बरं वाटत होतं, हे आणखी संतापजनक. "किती सुबक केलंय हो," ती बाई म्हणाली. "आमच्या आईकडचं पण सामान आहे जुनं, याल का करायला? नंबर द्या ना." मग धाकट्याकडे वळून, "तुमच्या ओळखीच्या आहेत का या?"

धाकट्याने ताईकडे बघितलं. डोळ्यांनी विनवलं. लहानपणी काही फोडलं की बघायचा तसं, सांभाळून घे गं. आणि म्हणाला, "हो, म्हणजे... नेहमीच्याच आहेत."

ताईने ब्रश डब्यावर आडवा ठेवला. उठायला जरा वेळ लागला, गुडघे धरले होते. "नेहमीचीच आहे," ती त्या बाईला म्हणाली. "ह्याची सख्खी थोरली बहीण. ह्याला याच खोलीत चालायला शिकवलंय मी. अठ्ठेचाळीस वर्षं इथे राहते. हे घर आम्हा दोघांच्या नावावर आहे, आणि विकायचं नाहीये. तुम्हाला उगाच हेलपाटा पडला, त्याला माझा इलाज नाही. ह्याने मला विचारलं नव्हतं." तिचा आवाज चढला नव्हता, पण बाईच्या नवऱ्याने एक पाऊल मागे घेतलं. "मला वाटलं सगळं ठरलंय," तो मोबाइलवाल्याला म्हणाला. मोबाइलवाला कधी ताईकडे, कधी साहेबांकडे, कधी कपाटाकडे बघत राहिला. "मावशी, अहो, मला काय माहीत..." "तुझी चूक नाही," ताई म्हणाली. "तू बोललास म्हणून कळलं तरी." ती बाई नवऱ्याच्या मागे जिना उतरली, आणि तिच्या मागे मोबाइलवालाही.

मग दार लागलं आणि धाकट्याचा पारा चढला. तोंडाला काळं फासलंस, चार लोकांत लाज काढलीस, शब्द देऊन बसलोय मी त्यांना. सगळं ठरल्यावर सांगणारच होतो, आधीच तुझ्या डोक्याला ताप नको म्हणून थांबलो. तुझ्यासाठीच चाललं होतं हे, म्हातारपणी एकटी कुठे जाणार आहेस तू? तिकडे जागा केलीय तुझी. "कुठे?" ताईने विचारलं. "गॅलरीत? सहा फुटी कॉट मावते, मीच मापून दिली होती." तो आणखीच चिडला. खोलीभर फिरायला लागला, रद्दीवरून, डब्यांमधून वाट काढत. या खुर्चीकडे हात, त्या चौकटीकडे हात. "मग हे सगळं रंगवलंस कशाला? तीन रविवार घासत बसलीस ती कशाला? उगाच कोणी एवढं घर रंगवतं का? कळलं नसेल तुला? कळलंच असणार!"

"राहायला," ताई म्हणाली. "मी राहायला रंगवलं."

यावर तो हसला. ते हसू तिने त्याच्या तोंडावर आधी कधी पाहिलं नव्हतं. त्याला नेमकं कुठे मारायचं ते सापडलं होतं. "राहायला! आई सांगून सांगून दमली, ताई. माझ्याजवळ रडली आहे ती या कपाटावरून. सगळ्या इस्पितळांचे पलंग रंगवते म्हणाली, माझं एक कपाट तिला होत नाही. तिच्यासाठी उचलला नाहीस ब्रश. जिवंत होती तोवर नाही उचललास. मी एक फोन केला आणि झालं की नाही? आणि आता मला सांगतेस राहायला!"

आई रडली होती. हे तिला माहीत नव्हतं. तिने ऐकलं, आणि ते आत जाताना तिला कळलं की हे आता निघायचं नाही, कितीही धुतलं तरी. हा खोटं बोलत असेल असंही वाटून बघितलं. पण आईचंच वाक्य होतं ते, तिच्याच शब्दांत. धाकटा तिच्याकडे बघत वाट बघत होता. ती मोडेल, डोळ्यांना पदर लावेल, आणि मंगळवारी येईल, याची. लहानपणापासून तिला ओळखत होता तो. ताईने डोक्याचं फडकं सोडलं, त्याने हात पुसले, एकेक बोट करून, कापलेलंसुद्धा.

"नाही उचलला," ती म्हणाली. "खरं आहे ते. पण ते माझं आणि आईचं आहे. त्यात तुझा वाटा नाही. ती किल्ली इथे ठेव आणि जा."